बियाण्याचं बियाणं

सचिवभाऊंनी आमच्या लॅपटॉपवरून कधी काही पुसू दिलं नाही. ते मासेमारांच्या सोसायटीचे सचिव आणि मी त्या सोसायटीला मदत करणाऱ्या, अहेरीतल्या एका लहान संस्थेत संगणक सांभाळणारी. दोन हजार पाचच्या सुमारास मिळालेला तो जुना लॅपटॉप दर सोमवारी डिस्क भरल्याची तक्रार करायचा आणि माझं डोकं फिरायचं.

दोष भाऊंचाच. कोणत्या तलावात कुणाचे आजे-पणजे जाळं टाकत, हे म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकायला ते सायकलने गावोगाव फिरत. सगळं बोलणं रेकॉर्डरवर घेत. तलावांच्या ठेक्याच्या सुनावणीत आमचा पुरावा तोच होता. मी ते लॅपटॉपवर चढवून रेकॉर्डर रिकामा केला की भाऊ एका बोटाने त्याच्या आणखी दोन प्रती करत. फोल्डरांची नावं 'बियाणं' आणि 'बियाण्याचं बियाणं'. "एका ढोलीतलं धान उंदरानं खाल्लं त दुसरीतलं कामी येते, बाई." ढोल्या, म्हणजे धानाच्या कणग्या, तीन असल्या तरी घर एकच आहे, सीडीवर उतरवून दुसरीकडे ठेवू, असं मी सांगून थकले. ते मान हलवत आणि चहा मागवत.

सुनावणीला पंधरा दिवस उरले. बोलणं ऐकून टाइप करायला मी बसले, तर लॅपटॉप एक पानही साठवून घेईना. त्या शनिवारी माझा संयम सुटला. भाऊंना न विचारता दोन्ही बियाणी पुसली, कचरापेटीही रिकामी केली आणि घरी गेले.

सोमवारी लॅपटॉपने पहिल्यांदाच तक्रार केली नाही. मी खूश झाले. मग मूळ फोल्डर उघडायला गेले, तर तो नव्हताच.

"तुमाले लय त्रास होऊन राह्यला होता," भाऊ म्हणाले. "म्हणून काल येऊन खायचं धान संपवलं. बियाणं त आहेच न."

ते आहे का, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. बियाण्याची ढोली एकदा शेणाने लिपली की पेरणीपर्यंत कुणी उघडत नाही. कचरापेटी रिकामी करायला त्यांना मीच शिकवलं होतं.

मी आधी त्यांच्यावर ओरडले आणि मग माझं सांगितलं.

"बियाणं गेलं त माणूस घरोघरी मागाले जाते," भाऊ म्हणाले. "कोणी नाई म्हणत नाई."

ते सायकल काढून निघाले. सुनावणीच्या आदल्या दिवशी परतले, ते सगळं हाताने तीनदा लिहून, तीन वह्यांत. पण दोन म्हातारे मधल्या काळात वारले होते आणि खालच्या तलावाची भिस्त त्या दोघांच्याच बोलण्यावर होती. तो तलाव गेला. सोळा घरं त्यावर जगत होती.

त्यातली एक वही भाऊंनी मला दिली. "एक माझ्या घरी, एक सोसायटीत, एक तुमच्या घरी. आता तीन घरं झाले, बाई."

भाऊ गेले त्याला बरीच वर्षं झाली. लॅपटॉप चार बदलले, वही मात्र कपाटात आहे. त्या दोन म्हाताऱ्यांची नावं लिहून त्यांनी पुढची पानं कोरी सोडली आहेत. त्या दिवशी भाऊ माझ्यावर एकदा तरी ओरडायला हवे होते.