शीतलच्या मुलाखतीचा मी केलेला बंदोबस्त

मी नेटवर्क इंजिनिअर आहे, आणि आमच्या सिंदी मेघे गावातल्या घरातलं नेट पार झोपवण्याचा मान आजवर फक्त मलाच मिळाला आहे.

कॉलेजात दोन कॉम्प्युटर वायरने जोडून एकावरचा फोटो दुसऱ्यावर पाठवला, तेव्हा आनंदाने डोळ्यांत पाणी आलं होतं. बारा वर्षं झाली. पाणी आताही येतं, कारण तेवढं बदललं. दिवसभर घरी बसून पुण्याच्या कंपनीचं नेटवर्क सांभाळायचं, आणि संध्याकाळी गल्लीतल्या लोकांचे टीव्ही! (वायर असलेलं काहीही नेटवर्क इंजिनिअरला जमतं, अशी आमच्याकडे समजूत आहे. मी मिक्सरही उघडलाय.)

त्या दिवशी अकराला धाकट्या बहिणीची, शीतलची, ऑनलाइन मुलाखत होती. चार वर्षं कॉलेजात तासिकेवर शिकवून पोरगी पिचली होती. ही कायमची जागा होती. साडेदहाला तिने एकदा व्हिडिओ कॉल लावून पाहिला, तर चित्र जरासं अडखळलं.

"नेटचा डबा बंद करून चालू कर नं," बाबा पेपराआडून म्हणाले.

"बाबा, ते अडाण्याचं काम आहे. मी बंदोबस्त करतो!"

बंदोबस्त साधा होता. राउटरमध्ये दोन नियम घालायचे: घरातल्या सगळ्यांचं नेट बंद, आणि शीतलचं तेवढं चालू. मी पहिला लिहिला, 'सगळे बंद', आणि सवयीने सेव्ह केलं. सगळ्यांत मीही आलो! दुसरा नियम लिहायला राउटर मला आत घेईना. ही चूक आमच्या धंद्यात नवी पोरं पहिल्या महिन्यात करतात. त्यांना त्यावर तासभर लेक्चर मीच देतो.

"दादा, काय करून राह्यला तू? माहं नेटच गेलं!"

"दोन मिनिटं थांब."

"आता तरी बंद करून चालू कर," बाबा.

केलं. पण सेव्ह झालेला नियम असा थोडाच जातो! मग आईची सेफ्टी पिन घेऊन डब्याच्या मागच्या रीसेटच्या बारीक भोकात खुपसली. नियम पुसला गेला, आणि नेटवाल्याने भरून दिलेला आयडी-पासवर्डही गेला. आता डब्याला काहीच आठवत नव्हतं.

आमच्या घरात मोबाईलची रेंज फक्त न्हाणीघरात येते, आणि मुलाखत तिथून द्यायला शीतल तयार नव्हती. मीच बादलीशेजारी उभा राहून नेटवाल्याला फोन लावला.

"भाऊ, मी सेवाग्रामले आहो. दुपारी येतो. तवरक बंद करून चालू करून पाहा!"

अकराला सात मिनिटं होती. शीतल रडकुंडीला आली. चार वर्षांचे पोरीचे कष्ट मी एका बटणात घालवले होते. तेवढ्यात कंपाउंडपलीकडून शेजारच्या काकूंनी डोकं काढलं.

"काऊन वं पोरी, रडून काऊन राह्यली?"

"काकू, दादानं नेट बंद पाडलं!"

"अवं बाप्पा! मंग माह्या घरी चाल नं. माहं तं चालूच राह्यते."

काकूंचा राउटर स्वयंपाकघरात खिळ्याला सुतळीने टांगलेला. दसऱ्याला त्याची पूजा झाली होती. हळदकुंकू अजून होतं. पासवर्ड एक ते आठ आकडे. मी आत शिरू लागलो, तर काकूंनी दारातच अडवलं.

"तू बाहीरच बस बाबू. कायलेच हात नको लावू." आणि माझ्यापुढे वालाच्या शेंगांचं टोपलं सरकवलं.

अकराला मुलाखत सुरू झाली. काकूंनी कुकर उतरवला, पंखा बंद केला. मी बाहेरच्या ओट्यावर शेंगा सोलत खिडकीला कान लावून होतो.

शीतलला ती नोकरी लागली. गल्लीभर पेढे मीच वाटले, आणि प्रत्येक घरी 'काकूंमुळे जमलं' हेही ऐकलं. त्याचं काही नाही. पण मुलाखतीच्या शेवटी साहेबांनी सहज विचारलं होतं, "घरी कोण कोण असतं? भाऊ काय करतात?"

शीतल म्हणाली, "भाऊ सध्या घरीच असतो, सर."

काय सांगू, काकूंच्या नेटवर एक अक्षरही तुटलं नाही!