टपावरचे भोवरे

फजिती सर्वस्वी माझीच आहे, तेव्हा मोकळेपणाने हसा. मला वाटलं होतं, परदेशात वाऱ्याचं शास्त्र शिकून आलेय, तर कडेगावात अगदी वारा म्हणजे काय इथपासून सांगावं लागेल. आले, तर मिलिटरीत गाडी चालवून रिटायर झालेले माझे मामा टेम्पोच्या मागच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "धूळ बघ कुठं बसलीया. गाडीमागं वारा गरागरा फिरतो आन् गाडीला माघारी वडतो."

माझा अख्खा पहिला धडा त्यांनी दोन वाक्यांत संपवला.

डिझेलसाठी पंपावर रांगा लागायचे ते दिवस. मी डब्याच्या पत्र्याचे नऊ तुकडे कापले आणि टपाच्या मागच्या कडेला ओळीने तिरके बसवले. त्या तुकड्यांमुळे वाऱ्याचे बारके भोवरे उठतात, वारा टपाला धरून राहतो, मागचा मोठा भोवरा लहान होतो आणि डिझेल वाचतं. मामा खूश.

दुपारी सांगलीचे गुळाचे व्यापारी आले, अण्णा. हंगामभर गूळ मामांच्या टेम्पोतून न्यायचा की नाही, हे ते आज ठरवणार होते. मामांचं वर्षाचं काम त्यावरच होतं.

"हवालदार, टपावर हे काय हाय?"

मला कुणी विचारलं होतं का? पण मीच पुढे. "भोवरे आहेत, अण्णा. मुद्दाम मागे बसवलेत."

"भोवरे?"

"नऊ. आणखीही बसवता येतील."

"आवं, पाठीवर एक वंगाळ भोवरा दिसला तर मी बैलाचा बाजार सोडून येतो. हितं नऊ?" अण्णा चपला घालायला लागले.

तेव्हा कुठे मला बैलाच्या अंगावरचा, अशुभ मानतात तो केसांचा भोवरा आठवला. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेली मी!

मामा शांतपणे म्हणाले, "अण्णा, पोरीचं मराठी तिकडं जरा गंजलंय. तोरण हाय ते. पत्र्याचं."

"व्हय? मग म्होरं का न्हाई लावलं?"

"मागनं येणाऱ्याला बी दिसू दे की."

अण्णा हसले. "उद्यापास्नं ढेपा भरा."

ते गेल्यावर मी म्हणाले, "मामा, खोटं बोललात."

"तोरण कशापायी बांधत्यात? वाईट भाईर राहावं म्हणून. तुझं पत्रं दुसरं काय करत्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीतलं 'गावाला वारा शिकवणे' खोडलं, 'मामांकडून मराठी शिकणे' असं लिहिलं आणि टेम्पोत जाऊन बसले.

"दार लाव," मामा म्हणाले. "आन् सांगलीपतुर तोंड बी."