सदुसष्ट किलोचे गुरुजी

माझं वजन सदुसष्ट किलो आहे, असं मी चार वर्षं घरात सांगत होतो. खरं वजन ब्याऐंशी. मधले पंधरा किलो हे रोज घाटावरची पूजा आटोपून परतताना गुपचूप खाल्लेल्या कचोरी-जलेबीचे. बायको घरी पथ्याचं करून वाढायची आणि आकडा ऐकून समाधानी असायची. (धोतर-उपरण्यात पंधरा किलो सहज लपतात!)

उन्हाळ्यात मुलगी मुक्ता आणि जावई समीरराव गोव्याहून काशीला आले, ते दोन बोर्ड घेऊनच. जावयांना विंग फॉइलिंगचा नाद. हातात हवा भरलेला भलामोठा पंख धरून बोर्डावर उभं राहायचं. वेग आला की पाण्याखालच्या छोट्या पंखांवर बोर्ड चक्क वर उचलला जातो! मलाही हुरूप आला.

"बाबा, वारा जोरात असला तर छोटा बोर्ड चालतो," ते म्हणाले. "वारा पडला तर मोठाच हवा, नाहीतर बुडतो. तुमचं वजन किती?"

ही शेजारीच शेंगा सोलत बसलेली. "सदुसष्ट," मी म्हणालो.

"मग पंचाहत्तर लिटरचा छोटा बोर्ड कसाबसा तरंगेल. पण शिकताना एकशे वीसचा मोठाच घ्या."

"छे हो! सात पिढ्या गंगेकाठी काढल्यात आम्ही. हा पश्चिमेचा पछुआ वारा संध्याकाळपर्यंत हटत नाही. छोटाच द्या!" (मोठा घेतला की हिला संशय येईल, ही माझी धास्ती.)

रामधनी मल्लाहाच्या होडीतून सगळे निघालो. अहिल्याबाई घाटासमोर लाइफ जॅकेट घालून मी बोर्डावर गुडघे टेकले, आणि सात पिढ्यांच्या ओळखीचा पछुआ थांबला! बोर्ड माझ्यासकट शांतपणे खाली गेला. मी कमरेपर्यंत पाण्यात, दोन्ही हात वर, डोक्यावर पंख. घाटावरच्या यात्रेकरूंनी हात जोडले. शेजारच्या होडीतून कोणीतरी विचारलं, "गुरुजी, ई कौन अनुष्ठान है?"

मी गंभीरपणे मान डोलावली. दुसरं काय करणार?

प्रवाह मला हळूहळू उत्तरेकडे नेऊ लागला. मणिकर्णिकेच्या चितांचा धूर दिसला. तिथे पोचायला लोक जन्मभर पुण्य करतात, पण मला काही घाई नव्हती!

मागून होडीतून समीरराव ओरडले, "बाबा, सदुसष्ट किलोला हा एवढा बुडणार नाही! बोर्ड फुटलाय, आत पाणी भरतंय! पायाला बांधलेली त्याची दोरी सोडा, जाऊ दे त्याला!"

"अरे समीर, दोन पावसाळे खपून हातानं बनवलायस तो!" मुक्ता कळवळली.

"बाबांपेक्षा मोठा आहे का?" त्यांचा आवाज कापत होता.

माझा हात दोरीवर होता. सोडली असती तर बोर्ड गंगार्पण आणि माझी कचोरी सुखरूप. पण पोराचा तो आवाज ऐकून मला भरून आलं. नाही सोडवली.

"फुटला नाहीये!" मी ओरडलो. "ब्याऐंशी!"

"काय ब्याऐंशी?"

"किलो! मी ब्याऐंशी किलोचा आहे!"

पाण्यावर आवाज फार लांब जातो. दोन घाटांवरच्या माना माझ्याकडे वळल्या. हिनं पदर तोंडाला लावला. रडतेय की हसतेय, कळेना. मग म्हणाली, "अहो, आधी वर तर या. वजनाचं घरी बघू."

शिंदे घाटाशी तिघांनी मिळून मला होडीत ओढलं. रामधनी धापा टाकत म्हणाला, "गुरुजी, बयासी भी कुछ कम करके बोले हैं का?"

कोणीही रागावलं नाही, हे मी विसरणार नाही. समीरराव बोर्ड पुसत मलाच "थँक्यू बाबा" म्हणाले. मला! दुसऱ्या दिवशी एकशे वीसच्या बोर्डावर त्यांनी मला पाच सेकंद पाण्याच्या वीतभर वर तरंगवलं. चार वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. हिनं कचोरीला आठवड्यातला एक वार नेमून दिला, तेही तिचे उपकारच.

आणि रामधनी? आता मी होडीत चढलो की तो अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असं पुकारतो, "गुरुजी एक ओर, तीन सवारी दूसरी ओर!" मी त्या तिघांना मनापासून आशीर्वाद देतो. त्यांच्यामुळेच तर होडी सरळ चालते!