मायने फोडलेले फुगे

गेल्या पावसाळ्यात माय बांधावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं नीट मिटत नव्हती. सेलूच्या डॉक्टरांनी रोज दाबायला एक मऊ चेंडू दिला. तो तिनं दुसऱ्याच दिवशी शेजारच्या लेकराला देऊन टाकला. "चेंडू दाबायला मी काय ल्हान हाय का?" दसऱ्याला कापूस फुटणार, आणि हात चालला नाही तर वेचणीला जाता येणार नाही, या धास्तीनं तिला अन्न गोड लागत नव्हतं. पण ऐकेल ती माय कसली! हट्टीपणात मी तिच्यावरच गेलोय.

मग मी तिला माझा मोबाइल दिला. त्यात फुगे फोडायचा एक फुकटातला गेम होता. वरून फुगे येतात, खाली टेकायच्या आत बोट लावून फोडायचे, बस. पहिल्या चार लेव्हल डोळे झाकून होतात. पुढं फुगे असे कोसळतात की भल्याभल्यांची त्रेधा उडते. मी स्वतः बाविसाव्या लेव्हलला महिनाभर अडकलो होतो, पण घरात त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

माय आधी डाव्या हातानंच खेळायची. मधेच जाहिरात आली की त्यातल्या बाईला म्हणायची, "सरक बाई, मला कामं हायत." बाराव्या लेव्हलला एक हात पुरेना. तेव्हा तिनं मोबाइल पाटावर ठेवला, मांडी घातली आणि दोन्ही हातांची सगळी बोटं चालवायला लागली, उजव्याची रडतखडत का होईना.

"माय, हे अंगठ्यानं खेळतेत," मी म्हणालो.

"कापूस कुनी अंगठ्यानं वेचतंय का?"

पंधरा दिवसांत तिनं मला मागं टाकलं. तिसावी लेव्हल पार केली तेव्हा गल्लीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली. मला लय आनंद झाला. खोटं कशाला बोलू, थोडा जळलोही.

दसरा झाला. माय कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधून शेतात गेली, मीही मागोमाग गेलो. तिनं पात, म्हणजे वेचायची एक ओळ धरली, बोंडाला हात घातला आणि दोन्ही हात चालायला लागले. उजवा जरा मागं राहायचा, पण बोंड अगदी साफ करून सोडायचा. बांधावर उभा राहून मी चक्क रडलो.

तिनं वळून पाहिलं. "रडायलास कशाला? तुजे तर दोनी हात धड हायत. धर की एक पात."