दोन दारांचं काळीज

इजिप्तमधल्या दमिएत्तात इन्शिराहचं चीज न खाल्लेली माणसं सापडतील, पण तिची झगरूता न ऐकलेलं लग्नघर सापडायचं नाही. तोंडाशी हात धरून, जीभ नाचवत तिनं ती आनंदाची आरोळी काढली, की सगळ्यांना वाटायचं, आता खरं लग्न लागलं.

गुरुवारी तिच्या नातीचं, रिहामचं लग्न. आणि नेमकी आठ दिवस आधी इन्शिराहला जिन्यात धाप लागली. सून दुआनं तिला ओढतच हृदयाच्या दवाखान्यात आणलं.

"डॉक्टर नको म्हणाले, तर नातीच्या लग्नात मी मुकी बसू?" इन्शिराहला तेवढीच धास्ती.

डॉक्टर वाइलनं हज करून आलेल्या या म्हातारीला डाव्या कुशीवर निजवून छातीवर यंत्र फिरवलं आणि तो थबकला.

"हाज्जा, कमाल आहे! या झडपेला एक दार असतं. तुमच्या झडपेला जन्मापासून दोन आहेत. वीस वर्षांत पहिल्यांदा पाहतोय. काय सुंदर!"

ती ताडकन उठून बसली. "अरे मेल्या, आधी माशाअल्लाह म्हण! माझ्या काळजाला दृष्ट लावतोस?"

पडद्यावर ठोक्यांचे आकडे भराभर चढले.

"माशाअल्लाह," डॉक्टर ओशाळला.

"आता या नर्सबाईंना म्हणू दे."

नर्सनंही म्हटलं. मगच हाज्जा आडवी झाली.

"दोन दारांचा त्रास काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाला. "अंगात रक्त कमी आहे, धाप त्याची. गोळ्या देतो."

"झगरूता काढू की नको, ते सांग."

"जोर केल्यावर झडप कशी वागते, ते बघायला हवं. काढा इथंच. पण हळू, बाहेर पेशंट आहेत."

"हळू काढतात ती झगरूता नव्हे, बाळा."

बिस्मिल्लाह म्हणून तिनं आरोळी दिली. खिडकीची तावदानं थरथरली. ती विरते न विरते तोच बाहेरून उत्तर आलं. झगरूता कानावर पडली आणि बायका गप्प बसल्या, असं कधी झालंय? छातीला हात लावून ताटकळलेल्या दहा-बारा जणींनी व्हरांडा दणाणून सोडला.

दुआ हसून हसून भिंतीला टेकली. डॉक्टरनं पुन्हा यंत्र लावलं, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"दोन्ही दारं छान उघडमीट करतायत," तो म्हणाला आणि घाईनं जोडलं, "माशाअल्लाह! गुरुवारी खुशाल काढा."

"अल्हम्दुलिल्लाह. देणाऱ्यानं बेतूनच दिलंय. एवढ्या आरोळ्यांना एक दार कुठं पुरलं असतं?"

तेवढ्यात दार ढकलून एका म्हातारीनं डोकं आत घातलं. "मुबारक गं बाई! मुलगा की मुलगी?"

"नात!" इन्शिराह ओढणी सावरत म्हणाली. "गुरुवारी लग्न आहे तिचं. गळा बरा आहे तुझा, ये तूही."