स्लो मोशनमधली काठी

तो शॉट आला आणि मास्तरांचे थोरले भाऊ खो खो हसले. मला वाटलं होतं, तिथं ते श्वास रोखतील.

मी फिल्म एडिटर आहे, यवतमाळचा. आर्णीजवळच्या बंजारा तांड्यातल्या एका निवृत्त मास्तरांच्या कथेवर आमचा सिनेमा होता. रफ कट, म्हणजे कच्ची जुळणी, मी त्यांच्या अंगणात लॅपटॉपवर दाखवत होतो. ते अंगण अजून डोळ्यांपुढे येतं. दोघं भाऊ एकाच बाजेवर. थोरले सुपारी कातरून धाकट्याच्या हातावर ठेवत. मास्तर त्यांना भिया म्हणत.

कथेत दोन भाऊ आणि एक बाई. थोरल्याची बायको, आणि धाकट्याचा तिच्यावर जीव. सिनेमात ती होळीला धाकट्या दिराला काठी मारते. तो फटका मी स्लो मोशन केला होता.

"होळीत भोजाई देवराले मारतेच ना," थोरले म्हणाले. "माही बायको लगन झाल्यापासून याले झोडपून राह्यली."

"अन् हा लपते कुठं, थे बी सांगा," वहिनी आतून म्हणाल्या.

मास्तर हसले नाहीत. मला म्हणाले, "माह्या कथेत थे मारत नाही, भाऊ. समद्यायले मारते, अन् धाकट्यापुढं काठी खाली घेते. थोरल्याले तिथंच समजते."

मी डिरेक्टरला फोन केला. न मारणं पडद्यावर काय दिसणार, असं त्याचं म्हणणं. 'कट' म्हटल्यावर नटीनं दमून काठी खाली घेतली होती, तो तुकडा माझ्याकडे होता. तो लावला असता तर कथा वाचली असती. पण मला त्याचा पुढचा सिनेमाही हवा होता. मी फटका तसाच ठेवला.

त्या फटक्यावर थिएटरात शिट्ट्या पडल्या.

पुढच्या होळीला मास्तरांनी मला बोलावलं. लेंगी, म्हणजे तांड्यातला होळीचा नाच-गाणं, रंगात आली होती. वहिनी एकेका दिराला बदडत मास्तरांपर्यंत आल्या. त्यांनी हसत पाठ पुढं केली. तेवढ्यात पोरांनी मोबाइल वर धरले, आणि एकजण ओरडला, "काकी, स्लो मोशनमंदी!"

वहिनींनी काठी खाली घेतली. थोरले उठून घरात गेले.

मास्तर मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. "कथा तं मी बनवली होती, भाऊ," ते म्हणाले. "आता भियाले काय सांगू?"

आता कुणाच्या घरचा प्रसंग संथ करण्याआधी मी विचारतो, तुमच्याकडे हे नेहमीचंच आहे का? 'हो' म्हणाले, तर वेग आहे तसाच ठेवतो.