एक कडं जास्त

भालकीहून हुलसूरकडे निघालेल्या जीपमध्ये मी पाय मुडपून बसले होते, मांडीवर खोडातून कांडी काढायचं पोकळ गिरमिट. झाडाच्या खोडात दरवर्षी एक कडं वाढतं. भरल्या पावसाचं रुंद, दुष्काळाचं अरुंद. त्यावरून मांजरा नदीला जुन्या काळी कधी किती पाणी होतं, हे मला काढायचं होतं. पण पुण्याच्या आमच्या सरांनी बजावलं होतं, "सागवान फसवतं. वय माहीत असलेल्या एका झाडावर मोजणी जुळवून दाखव, नाहीतर विषय बदल." तीन वर्षं राबले मी, आणि म्हणे विषय बदल!

नदीकाठच्या गावात कमळाअक्का (अक्का म्हणजे थोरली बहीण) भेटल्या. त्यांच्या बांधावर मला हवं तसं सागवान होतं. "छप्पन साली घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या पुढल्या मृगाला सासऱ्यानं बी टोचलं," त्या म्हणाल्या. म्हणजे सत्तावन्न. मी बुंध्यात गिरमिट फिरवायला घेतलं, तर ते निम्म्यात अडकलं. हाताला फोड आले, तेव्हा कुठे पेन्सिलीएवढी कांडी बाहेर निघाली.

सालीकडून मोजलं. एक कडं जास्त! पुन्हा मोजलं, तेच. बहात्तरच्या दुष्काळाचं बारीक कडंही एकाहत्तरला जाऊन बसलेलं.

"अक्का, झाड एक वर्ष आधीचं दिसतंय."

"न्हाई! सासरा मरंस्तोवर सांगायलता. आमी कामून खोटं बोलू?" अक्का चिडल्याच. तरी भाकरी आणि पुंडीची भाजी (आपली अंबाडी) पुढ्यात सरकवली. "खा आधी. उपाशीपोटी मोजायलीस."

मी घास मोडला. अक्का झाडाकडे बघत म्हणाल्या, "वर्साला एकच कडं असतंय म्हून कोण सांगितलं तुला? माझा धाकटा झाला त्या साली आमी दोनदा पेरलो. मृग पडला, मग समदं वाळलं, सागाची पानं बी गळली. पोळ्यानंतर पुन्हा पाऊस. झाड बी दोनदा वाढलं असंल की!"

भाकरी तशीच ठेवून मी भिंग उचललं. धाकट्याचं जन्मसाल विचारलं, ते बहात्तरनंतरचं निघालं; मोजत त्या कड्याशी आले. खरं कडं सुरू होतं तिथे मोठ्या छिद्रांची ओळ असते. इथे ओळ नव्हतीच, नुसती पुसट रेघ. खोटं कडं! ते वगळलं आणि बहात्तर बहात्तरला आलं, सासऱ्यांचं सालही बरोब्बर जुळलं.

"अक्का, जिंकलो आपण!" मी ओरडले.

"व्हय, मी तर पहिल्यापासून तेच सांगायलते," अक्का म्हणाल्या. पण डोळे पुसले त्यांनी.

परतताना जीपमधूनच सरांना फोन केला. "सर, मोजणी जुळली. विषय बदलत नाही!" म्हणाले. आता मांजरेकाठची आणखी जुनी झाडं मोजायची, कुणाच्याच आठवणीत नसलेल्या दुष्काळांपर्यंत जायचं. तिथे विचारायला अक्का नसतील. पण दोनदा पेरलेलं साल खोडात कसं दिसतं, ते त्यांनी मला दाखवून ठेवलंय.